सरळ लावलेला बाण

वाकडं काही दिसलं की हात्सुएबाईंचा हात आपोआप तिकडे जातो. मी रोज सकाळी त्यांच्या खानावळीत टोफू पोचवतो. माझ्या डब्याचं झाकणसुद्धा त्या सरळ करतात आणि मगच डबा आत नेतात. आमच्या जपानी किनाऱ्यावर सगळ्याच बायका नीटनेटक्या. ह्यांचा नीटनेटकेपणा मात्र दुखणं असावं तसा.

मासळीच्या कारखान्यात जावाहून पोरं आली, मागून त्यांचे नातेवाईक येऊ लागले, तेव्हा वरच्या दोन खोल्या त्यांनी त्या लोकांसाठी ठेवल्या. ती माणसं मुसलमान, दारू वर्ज्य, म्हणून साके न घातलेला सोया सॉस शोधून आणला. समुद्री शेवाळाच्या रश्श्याचं पातेलं वेगळं केलं. मी एकदा ते उचलायला गेलो तर ओरडल्या, "ठेव ते! तुझ्या घामालासुद्धा साकेचा वास येतो."

कोपऱ्यातली खोली नमाजाची. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या इफ्तिखारने तिथल्या छताला आतून मक्केच्या दिशेचा हिरवा बाण चिकटवून दिला होता, फळ्यांना तिरपा. वर्षअखेरीच्या साफसफाईत बाईंनी तो काढला, छत पुसलं आणि परत लावला. फळीला समांतर, अगदी सरळ.

त्याच हिवाळ्यात कासिनेम आल्या. त्यांचा मुलगा वाह्यू बर्फाच्या पेट्यांखाली सापडला होता आणि शहरातल्या दवाखान्यात पडून होता. पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया ठरली होती. आई बसने जायची, बसने यायची आणि आली की वर नमाजाला. बाईंशी बोलणं फोनमधल्या भाषांतरातून, एकीने आपल्या भाषेत बोलायचं, दुसरीने फोनचा कोरडा आवाज ऐकायचा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी इफ्तिखार जेवायला आला. वर नमाज पढायला गेला आणि हसतच खाली उतरला.

"काकू, मक्का कपाटात हलवली की काय तुम्ही?"

मी तिथेच होतो. बाईंचा चेहरा उतरला, हातातला वाडगा त्यांनी खाली ठेवला.

"अहो, गंमत केली," इफ्तिखार म्हणाला. "एवढ्याने काही बिघडत नाही. देवाला कळतं."

"देवाचं मला माहीत नाही. तो बाण आधी नीट लाव. मी हात लावणार नाही त्याला."

बाण नीट लावून तो गेला. बाई चुलीशी उभ्याच राहिल्या.

"आता कशाला सांगता तिला?" मी म्हटलं. "उद्या पोराला आत नेणार. परवा सांगा."

"परवा काही वाईट झालं असलं तर?"

"तुमचा कुठे विश्वास आहे त्या देवावर?"

"तिचा आहे ना! पोरासाठी मागत होती ती. आणि मी तिला कपाटापुढे वाकायला लावलं, फळीशी जुळत नाही म्हणून. तू जा बाबा. तुझा टोफू फुटेल."

पण मी थांबलो. दुपारच्या बसने कासिनेम आल्या. बूट काढायच्या आत बाई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि कपाळ फरशीला टेकवून फोनमध्ये बोलल्या. बाण मी हलवला. तुम्ही इतके दिवस चुकीच्या दिशेला नमाज पढलात. दोष माझा.

फोनने ते शब्द हवामानाच्या बातम्या द्याव्यात तसे सांगितले. कासिनेम ऐकत राहिल्या. मग खाली बसून त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले, हसल्या आणि काहीतरी बोलल्या. फोन म्हणाला, "मला माहीत नव्हतं. म्हणून देवापर्यंत ते पोचलं. तुम्ही रडू नका." आणि त्या वर गेल्या.

"बघा," मी म्हटलं, "झालं की नाही?"

संध्याकाळी रिकामा डबा न्यायला गेलो तर बाई जिन्याच्या पायथ्याशी बसलेल्या. शेजारी झाकलेला चहा. वर फळ्या करकरत होत्या. कोणीतरी वाकत होतं, उठत होतं, पुन्हा वाकत होतं. मी बराच वेळ ऐकलं. थांबेचना.

"ह्यांच्या नमाजाला इतका वेळ लागतो?"

"नाही. चुकलेले सगळे दिवस पुन्हा करतेय ती."

"पण पोचलं म्हणाली ना?"

"ते माझ्यासाठी म्हणाली."

गुडघे दुखतील, आत बसा, असं सांगावंसं वाटलं. वरची फळी पुन्हा करकरली. बाईंची मान आणखी थोडी खाली गेली. मी डबा न घेताच बाहेर पडलो.