सुताराचं पत्र

कॉम्प्रेसर बिघडला की तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या पोटाला लावायचा, मूठ स्वतःच्या कानाला टेकवायचा आणि डोळे मिटायचा. भोवती पाच-सहा जण श्वास रोखून उभे. मग डोळे न उघडताच निदान यायचं, "हा आजारी नाही. चिडलाय." आणि अर्ध्या तासात चिडलेल्याची समजूत काढून हा हात पुसत बाहेर. मस्कतजवळच्या रुसैलमधल्या आमच्या शीतगृहात त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. मीही इथे तेच म्हणतो. खरं नाव सांगत नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेलच.

मी त्याच कंपनीत ॲडमिनला होतो. व्हिसे, रजा, पत्रं, शिक्के. डॉक्टरकडे विद्या होती आणि माझ्याकडे शिक्का. दोघांत वजन कशाला जास्त, हे तुम्हीही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात बघितलं असेल.

तो नायजेरियाचा, इबादान शहरातला. रेफ्रिजरेशनचा रीतसर डिप्लोमा केलेला. पण तो ओमानात आला तेव्हा कंपनीकडे तंत्रज्ञाचा व्हिसा शिल्लक नव्हता. सुताराचा एक पडून होता. मी म्हटलं, लावा तोच. त्यामुळे उणे अठरा अंशात मासे आणि मटार गोठवून ठेवणारा हा माणूस ओळखपत्रावर सुतार झाला. आखातात याचं कुणाला नवल नाही. आमचा मेसचा आचारी कागदावर वेल्डर होता.

"सर, येशूही सुतारच होता," डॉक्टर म्हणायचा. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, तोंडी लावायला हिंदी. "मला कमीपणा नाही. फक्त त्याला खुर्ची बनवता येत असणार."

दोन हजार पंधरा-सोळाचा सुमार. तेलाचे भाव पडले होते. मस्कतमध्ये बौशरपासून अल् घुब्रापर्यंत दर शुक्रवारी कुणीतरी सोफा, फ्रिज, मुलांच्या सायकली विकायला काढून परत निघालेलं असायचं. डॉक्टरही निघाला होता, पण परत नाही, पुढे. कॅनडाला. त्याची एक निळी फाईल होती. तिच्यात दर थोड्या दिवसांनी एक कागद जाऊन बसायचा आणि त्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन दोन बोटं टेबलावर वाजवायचा. "एक कागद कमी, सर!"

कॉलेजच्या गुणपत्रिकेसाठी त्याच्या मावसभावाने तिकडे कारकुनाच्या दारात दिवसच्या दिवस काढले. का, तर रजिस्टर सापडत होतं, पण रजिस्टरच्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती. डॉक्टर ही गोष्ट रंगवून सांगायचा, पोट धरून हसायचा. मी पण हसायचो. हसताना माझे दात किती आवळलेले असायचे, हे त्याला दिसत नसावं.

कारण सांगतो. कॅनडाचा अर्ज मीही भरला होता. ऑफिसात कुणाला न सांगता. इंग्रजीच्या परीक्षेला हॉलमध्ये शिरलो, तर माझ्या पुढच्या रांगेत डॉक्टर! मला बघून त्याने भर हॉलमध्ये मिठी मारली. "सर, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, "छे, सहज. इंग्रजी तपासून घ्यावं म्हटलं."

तपासून मिळालं. मित्राला लग्नाचं आमंत्रण द्या, असा एक प्रश्न होता. पंधरा वर्षं ऑफिसची पत्रं लिहिलेला माझा हात आपोआप चालला. मी विषय लिहिला, संदर्भ लिहिला, आणि शेवटी मित्राला योग्य ती कार्यवाही करण्याची विनंती केली. डॉक्टरला माझ्यापेक्षा बरेच वरचे गुण मिळाले. वर कॅनडाच्या अर्जात वयालाही गुण असतात, आणि माझं वय चाळिशीपार, म्हणजे तिथेही कापलेले. त्या वर्षी बायकोने वाढदिवसाला केक आणला तर मी म्हणालो, "आज आणखी गुण गेले." तिने मेणबत्त्या परत डब्यात ठेवल्या.

"अहो, तो तुमचा डॉक्टर बघा," ती म्हणायची. "एकटा माणूस, मशिनं दुरुस्त करता करता सगळं जमवतोय. तुमची फाईल कुठाय?"

"आहे."

"कपाटावर आहे. तिच्यावर मी लोणच्याची बरणी ठेवलीय."

एका सकाळी डॉक्टर जवळजवळ पळतच आला. कॅनडाचं बोलावणं आलं होतं. साठ दिवसांत सगळी कागदपत्रं पाठवायची होती, आणि राहिला होता एकच कागद. कंपनीचं अनुभवपत्र. हा माणूस आमच्याकडे तंत्रज्ञ म्हणून काम करतो, अमुक कामं करतो, एवढंच लिहून खाली अर्बाबची, म्हणजे मालकाची, सही. लिहिणार मी. आमचा अर्बाब मी पुढे ठेवलेल्या कागदावर सही करायचा. त्याचा माझ्यावर विश्वास होता. आता बघा कसल्या माणसावर.

"कार्डावर सुतार आहे," मी चष्मा पुसत म्हणालो. "तंत्रज्ञ लिहिलं तर कंपनी अडचणीत यायची. अर्बाबला विचारावं लागेल."

"विचाराल ना, सर?"

"इन्शाल्ला."

हा शब्द तिथली माणसं श्रद्धेने म्हणतात. मी मात्र तो ड्रॉवरसारखा वापरायचो. नको असलेलं काम आत टाकायचं आणि ढकलून द्यायचं. मी अर्बाबला विचारलंच नाही. डॉक्टर दर दोन दिवसांनी दाराशी यायचा, आत न येता नुसत्या भुवया उंचावायचा. मी मान हलवायचो. एकदा तो फारच काकुळतीला आला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अर्बाब नाही म्हणतोय. पण मी भांडतोय तुझ्यासाठी."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या दिवसापासून सगळ्या शीतगृहात झालं, सर डॉक्टरसाठी मालकाशी भांडतायत. ड्रायव्हर मला आदराने सलाम करायला लागले. मला तो सलाम आवडायलाही लागला होता, हे लिहिताना आता कसंतरी होतंय, पण आवडला होता.

डॉक्टर कंपनीच्या निवासात सहा जणांच्या खोलीत राहायचा. "सर, तिथे कुणाचा तरी चहा सांडेल," म्हणून त्याने ती निळी फाईल माझ्या कपाटात ठेवायला दिली. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी ती काढली. त्याचे गुण नेमके किती, माझ्यापेक्षा किती पुढे, ते मला बघायचं होतं. दार लावून घेतलं. चोराने लावावं तसं.

गुणांचा कागद सापडायच्या आधी फोटो सापडले. नवराबायको वेगळ्या देशांत राहत असतील तर हे खरंच एक कुटुंब आहे याचा पुरावा द्यावा लागतो. त्याचे ते पुरावे होते. मोबाईलवरच्या व्हिडिओ कॉलचे छापील फोटो. प्रत्येकात त्याची बायको, मांडीवर लहान मुलगी, आणि कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या चौकोनात शीतगृहाचं जाड जॅकेट घातलेला हा. खाली त्याच्या टापटीप अक्षरात एकेक ओळ. "मुलीचा पहिला दात. मी उजव्या कोपऱ्यात." "मुलीचा पहिला वाढदिवस. मी उजव्या कोपऱ्यात." "मुलगी चालली. नेटवर्क गेलं होतं, मी दिसत नाही."

मी फाईल मिटली. गुण बघायचे राहिलेच.

त्याला बायकोमुलीला मस्कतला आणता आलं नव्हतं. सुताराच्या व्हिसावर तशी परवानगी मिळत नव्हती. आणि तो व्हिसा कुणी लावला होता, ते मी वर लिहिलंच आहे. मी रोज संध्याकाळी घुब्र्याच्या फ्लॅटवर जाऊन मुलीला, बूट जागेवर ठेव, म्हणून ओरडत होतो, आणि या माणसावर जळत होतो.

पत्र लिहायला मला वीस मिनिटं लागली. अर्बाबच्या खोलीत गेलो, कागद पुढे ठेवला. त्याने वाचला, जे तो कधी करत नसे.

"ये डॉक्टर का है?"

"हां, अर्बाब."

"अच्छा आदमी. इतना दिन काहे नहीं लाया?" सही केली, कागद माझ्याकडे सरकवला. "खलास."

माझं सहा आठवड्यांचं भांडण असं मिनिटभरात मिटलं. डॉक्टरच्या हातात पत्र दिलं तेव्हा खरं सांगून टाकायची संधी होती. मी म्हणालो, "मानला शेवटी."

त्याने टेबलावर बोटं वाजवली नाहीत. पत्र दोनदा वाचलं आणि बाहेर जाऊन मशीनच्या खोलीत बराच वेळ बसला.

मंजुरी यायला पुढे काही महिने गेले. आधी इबादानला जाऊन दोघींना घ्यायचं, मग तिघांनी मिळून कॅनडा, असा त्याचा बेत होता. विमानतळावर मी सोडतो, म्हणालो.  गाडीत तो एकदम म्हणाला, "सर, एक कबूल करायचंय. चार वर्षं मी तुमच्यावर जळत होतो."

"माझ्यावर? कशाबद्दल?"

"रोज पाच वाजता तुमच्या घरून फोन यायचा. येताना कोथिंबीर आणा, दूध आणा. आणि फोन ठेवून तुम्ही म्हणायचात, काय कटकट आहे. मला वाटायचं, देवा, ही कटकट मला दे."

आता माझी पाळी होती. वाक्य ओठांवर आलं होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी पुढे काढली.

विमानतळाच्या दाराशी त्याने ट्रॉली बाजूला लावली. मला वाटलं, मिठी मारणार. तर हा धिप्पाड माणूस, नव्या शर्टात, इस्त्रीच्या पँटमध्ये, माझ्यापुढे फरशीवर सरळ पालथा पडला. साष्टांग. त्यांच्यातही वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात, हे मला तेव्हा कळलं. लोक थबकले. एक पोलीस धावत आला, "क्या हुआ इसको?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "ऊठ रे बाबा, ऊठ."

"माझ्यासाठी तुम्ही मालकाशी भांडलात, सर," तो खालूनच म्हणाला. "माझ्या मुलीला मी तुमचं नाव सांगेन."

मग उठला, गुडघे झटकले, ट्रॉली ढकलत आत गेला. काचेपलीकडून त्याने दोनदा हात हलवला. मीही हलवला.

त्यानंतर त्याचे मेसेज येत राहिले. सणावाराला, वाढदिवसाला. प्रत्येकात मुलीकडून एक वाक्य असतं, भांडणाऱ्या काकांना नमस्कार. दर वेळी ठरवतो, आज लिहून टाकू. दर वेळी अंगठा दाखवणारं चित्र पाठवून मोकळा होतो. शेवटी हे सगळं इथे, तुमच्यापुढे लिहिलं. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे धाडस झालं.