भावोजींचं पेडल ठरतंय

थांबा, बाकीचं राहू दे, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर डोकं फुटेल माझं. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत शोधलंत तरी माझ्या ताईच्या नवऱ्याइतका विचार करकरून दुसऱ्याची वाट लावणारा माणूस सापडणार नाही. भावोजी वाईट नाहीत हो, तोच तर त्रास आहे. वाईट असते तर एकदा भांडून मोकळी झाले असते.

मला रोड बाइक घ्यायला लावली त्यांनीच, पंक्चर काढायला शिकवलं त्यांनीच, आणि आमच्या सायकल ग्रुपची मुलुंड ते इगतपुरी आणि परत अशी दोनशे किलोमीटरची राइड आपण दोघांनी करायची, हेही त्यांनीच ठरवलं. मी तर हवेतच. फक्त म्हणाले, "साध्या पेडलांवर कसारा घाट नाही चढायचा गं. क्लिपलेस लागतील." क्लिपलेस म्हणजे काय, तर बुटाच्या तळाला एक छोटी पट्टी स्क्रूने बसवतात, ती पेडलमध्ये टक्कन अडकते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. पाय क्लिप होतो आणि नाव क्लिपलेस. इथेच मला शंका यायला हवी होती.

तिथून पुढे आठ महिने भावोजी पेडल ठरवत होते. ग्रुपमधल्या कोणाकोणाची पेडलं उसनी आणून ताईच्या केकच्या काट्यावर वजन करायचे. ताई म्हणायची, "मैद्याला ग्रीसचा वास येतो, पण बोलायचं कोणी?" पाय सोडवायची सवय व्हावी म्हणून लिफ्टमध्ये, भाजीवालीसमोर, बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या उजवी टाच बाहेर फेकायचे. मागच्या बाईंना लागली की "सॉरी, अनक्लिप करत होतो." कांदिवलीला मावशीकडे सत्यनारायण होता, तर हे आरती सोडून दाराबाहेर चपलांच्या ढिगाशी, लोकांचे बूट उलटे करून बघतायत. मावशीच्या व्याह्यांनी पकडलं. "काय जावईबापू, नंबर मिळत नाही का?" हे शांतपणे म्हणाले, "नाही, सोल किती कडक आहे ते बघतोय." ताईने प्रसाद घेतला आणि त्यांना थेट मुलुंडच्या रिक्षात बसवलं.

मी दर रविवारी घाटकोपरहून त्यांच्याकडे जायचे आणि दर रविवारी नवा तक्ता तयार असायचा. गुडघ्याला सैल बरं की घट्ट, एका बाजूने अडकणारं की दोन्ही. मी म्हणायचे, "भावोजी, कुठलंही घेऊ ना, दिवस चाललेत." "घाई नको गं. गुडघे आयुष्यभर वापरायचेत." शेवटी राइडच्या आठवडाभर आधी एकदाचं ठरलं. दोघांच्या पेडलांची आणि बुटांची ऑर्डर गेली आणि त्या आनंदात त्यांनी त्यांच्या घरी ठेवलेल्या आमच्या दोन्ही सायकलींची जुनी पेडलं काढून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला देऊनही टाकली. शनिवारी मी राइडसाठी त्यांच्याकडे पोचले आणि दुकानं बंद व्हायच्या वेळेला खोकं आलं. बुटाच्या तळाला तीन भोकं, पेडलसोबतच्या पट्टीला दोन. बूट रोड बाइकचे, पेडलं माउंटन बाइकची. आठ महिन्यांत सगळं मोजलं, एवढंच सोडून. ताई म्हणाली, "काट्यावर भोकं मोजता येत नाहीत ना, म्हणून राहिलं असेल." मी धावत सायकलवाल्याकडे गेले, त्याचं शटर खाली होतं.

रविवारी ग्रुप इगतपुरीला गेला. टेम्पोत घालून घरी आणलेली माझी सायकल भिंतीला टेकलेली, पेडलांच्या जागी नुसती दोन भोकं, आणि फोनवर एकेकाचे घाटातले हसरे फोटो. नऊ वाजता भावोजींचा फोन आला, आवाज एकदम झकास. "बरंच झालं गं. आता वर्षभर नीट विचार करता येईल."

बरंच झालं म्हणे. तेव्हा मला कळलं, या माणसाला घाट चढायचाच नव्हता. त्याला फक्त ठरवायचं होतं, आणि ठरवताना समोर बसून ऐकायला कोणीतरी हवं होतं. मी म्हटलं, "तुम्ही बसा ठरवत. माझी राइड गेली." आणि फोन ठेवला. सोमवारी घाटकोपरलाच कोपऱ्यावरून प्लास्टिकची साधी पेडलं घेतली, पाच मिनिटांत. ताईने त्यांना सांगितलं तर एवढंच विचारलं म्हणे, "मॉडेल कुठलं?" रविवार बंद झाले ते झालेच.

गेल्या आठवड्यात कसारा चढले, एकटीच. पाय घसरत होते, मी शिव्या देत होते, पण चढले. वर पोचून फोन काढला, नंबर समोर आला आणि लावला नाही. कारण कुठल्या वळणावर गिअर टाकला, कुठे पाय सुटला, हे अर्धा तास मन लावून ऐकेल असा एकच माणूस आहे, आणि त्याच्यावर मी अजून चिडलेय. चहा घेतला, उतरले.

तुमचं झालंय का असं कधी? ज्याच्यासाठी थांबून हातातलं गेलं, ते शेवटी एकट्याने केल्यावर सांगायला तोच हवासा वाटला? मग लावलात का फोन?