वयाचा रकाना

नंदुरबारच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी टाइमकीपर होतो. वय पंचविशीतलं, मॅट्रिक झालेला, अक्षर बरं, म्हणून शेठनी मला कचेरीत घेतलं होतं. सकाळचा भोंगा झाला की फाटकाशी उभं राहायचं, आत येणाऱ्यांची हजेरी मांडायची आणि उरलेला दिवस मस्टरची पक्की प्रत करत बसायचं, एवढंच काम.

एकदा फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार अशी वर्दी आली. मस्टरात नाव, काम, कामावर लागल्याची तारीख आणि वय असे रकाने होते. माझ्या आधीच्या माणसाने वयाचा रकाना कोराच ठेवला होता. तो भरून टाक, असं मला सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी उभा राहिलो आणि हजेरी मांडता मांडता चेहरे बघत गेलो. केस पिकलेले दिसले की पंचावन्न-छप्पन्न. पुढचे दात नसले की साठ. मिशी काळी असली की तीस. दुपारच्या आत रकाना भरला. आपण काम किती झटपट उरकतो याचं मला कौतुकच वाटलं. इन्स्पेक्टर आले, चहा घेऊन गेले. त्यांनी ते पान उलटलंसुद्धा नाही.

नंतर दोनेक वर्षांनी शेठनी वाफेचं इंजिन काढून विजेच्या मोटारी बसवल्या. त्यासाठी बाहेरगावाहून नवा मॅनेजर आणला. साहेब कडक होते, पण उर्मट नव्हते. सगळ्यांशी अहो-जाहो बोलायचे. यंत्रखात्यात तेव्हा फिटर, तेल घालणारे, पट्टे सांधणारे असे मिळून चौदा जण होते. मोटारींवर आठ पुरेत, असं साहेबांचं म्हणणं. दिवाळीनंतर कपाशी यायला लागायच्या आत सहा कमी करायचे होते.

त्यांनी मस्टर मागवलं, यंत्रखात्याचं पान काढलं आणि वयाच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेले. पन्नासच्या वरचे किती, असं मला विचारलं. मी मोजले. बरोबर सहा भरले. साहेब म्हणाले, झालं तर मग, यादी करा.

त्या खात्यात माझा धाकटा भाऊही होता. मागच्याच हंगामात मी शब्द टाकून त्याला तेल घालायच्या कामावर लावलं होतं. यादी करताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते आज लिहायला लाज वाटते. भाऊ सुटला, हेच आलं.

यादीत पहिलं नाव मोठ्या फिटरचं होतं. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायचो. ते कोरीटहून रोज सायकलीने यायचे. तरुणपणी वाफेचा फुगारा तोंडावर आल्यामुळे त्यांची एका बाजूची कातडी आकसलेली होती आणि केस लवकर पिकले होते. कुठल्या चरख्याचा, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राचा, रूळ घासतो आहे, हे ते दाराशी उभे राहून सांगत. नवीन मोटारी आल्या तेव्हा त्या बसवणाऱ्या माणसाच्या मागे मागे फिरून दोन दिवसांत त्यांनी त्याही समजून घेतल्या होत्या.

सहा जणांना चिठ्ठ्या मिळाल्या. वयोमानामुळे कार्यक्षमता कमी झाल्याने एक महिन्यानंतर कामावरून कमी करण्यात येत आहे, असा मजकूर होता. तोही माझ्याच हातचा. आबांना वाचता येत नव्हतं. ते चिठ्ठी घेऊन माझ्याकडेच आले. मी वाचून दाखवली.

"वय कितलं लिखेल शे?" त्यांनी विचारलं.

"छप्पन्न."

"कोनी लिखं?"

"कचेरीनी," मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठीची घडी केली, टोपीत ठेवली आणि गेले. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. आकडे चुकायला लागले. कचेरीतून उठून फाटकापर्यंत जायचं, काही काम नाही म्हणून परत यायचं, पुन्हा उठायचं. जेवताना भाकरीचा तुकडा हातातच राहायचा. घरी विचारलं तर पोट बरं नाही म्हणून सांगायचो. सहा जणांपैकी कुणी समोरून आलं की मी खिशात किल्ल्या शोधल्यासारखं करायचो.

आबा मात्र खटपटीला लागले होते. आपण काही छप्पन्नचे नाही, एवढी त्यांना खात्री होती. तालुक्याच्या कचेरीत जन्म-मृत्यूची जुनी पुस्तकं होती, त्यात कोरीटची नोंद सापडेल असं कुणीतरी त्यांना सांगितलं. तीन दिवस ते त्या कचेरीच्या ओट्यावर बसून राहिले. पुस्तकं मोडीत होती आणि मोडी वाचणारा कारकून रजेवर. तो आला, पानं उलटली, नोंद सापडली. बापाचं नाव, पुढे फक्त 'मुलगा'. हिशोब केला तर एक्कावन्न भरले.

म्हणजे दोन वर्षांपूर्वी मी सात वर्षं फुकट वाढवली होती. पण कमी केली तरी आज ते पन्नासच्या पुढेच.

मग त्यांनी वकिलाकडे जायचं ठरवलं. तिथे शुद्ध बोलावं लागतं, कागद वाचावे लागतात, तू चल, असं मलाच म्हणाले. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो. वकील वयाने लहान, पण शांत माणूस होते. त्यांनी जन्माचा दाखला पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "वय किती, हा प्रश्नच नाही. कामावर कधी लागलात, ते सांगा."

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. माणसं कमी करायची तर त्या कामावर जो सगळ्यात शेवटी लागला तो आधी जातो, असा कायदा आहे. मालकाला हा क्रम मोडायचा असेल तर तसं कारण लेखी द्यावं लागतं. इथे कारण वय दिलं आहे. ते कारण खरं की नुसतं सोयीचं, हे तपासता येईल. पण एकट्याच्या तक्रारीला तिथे वजन नाही. इतर कामगारांनी हा वाद आपला आहे असं म्हणून सह्या केल्या पाहिजेत, मग समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतील. तिथे जमलं नाही तर कोर्टापर्यंत जाता येईल, पण त्याला वर्षं लागतील.

शेवटी त्यांनी विचारलं, वयाची नोंद कशावरून झाली? आबा म्हणाले, कचेरीनी लिखेल शे. मी दाखला उचलून त्याची घडी करत बसलो.

परत येताना आबा सायकल हातात धरून चालत होते. स्टेशनच्या रस्त्यावर कपाशीच्या पहिल्या गाड्या लागल्या होत्या. त्या गाड्यांच्या बाजूने जाताना मी म्हणालो, "आबा, तो आकडा मीच लिखा."

ते थांबले. "माले इचारं व्हतं का?"

"नही. तोंड देखीसन लिखा. बठ्ठासना तसाच लिखा."

सगळ्यांचाच तसा लिहिला हे ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते सायकल ढकलत पुढे चालू लागले. मग म्हणाले, "हाई त्या समेटना सायेबले सांगशी का?"

मी त्यांना सांगितलं की क्रमाने काढायचं ठरलं तर माझा भाऊ जाईल. "माले माहीत शे," ते म्हणाले आणि सायकलीवर बसले.

सह्यांचं काम अवघड होतं. यंत्रखात्यातले उरलेले आठ जण सही कशाला करतील? आधीचे परत आले तर त्यांच्यातलेच जाणार होते. गाठी दाबणाऱ्या प्रेसवाल्यांना शेठची भीती. शेवटी आबा चरख्यांवर कपाशी टाकणाऱ्या बायकांकडे गेले. तिथे एक वयस्कर बाई होत्या, सगळ्या त्यांना मावशी म्हणत. त्यांचं वय मी बावन्न लिहिलं होतं. त्यांनी आबांचं सगळं ऐकून घेतलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "आज त्यासना केस देखात, उद्या मन्हा देखतीन." आणि पहिला अंगठा उठवला. त्यांच्यामागून चरख्यांच्या दोन्ही ओळींतल्या बायकांनी अंगठे दिले. ते कळल्यावर प्रेसवरचेही काही जण आले. अर्ज गेला.

मी भावाला सांगायचं रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो. समेट अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत तो सरकीच्या ढिगाजवळ जेवायला बसला होता तेव्हा सांगितलं. उद्या मला विचारलं तर मी खरं सांगणार आहे, म्हणालो. त्याने हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. तुला कुणी विचारणारच नाही, तू पुढे होऊ नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि विचारलं तर आठवत नाही म्हण. घरात दोन पगार येतात म्हणून बहिणीचं लग्न ठरतं आहे, हेही त्याने मला सांगितलं. मला ते माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

अधिकारी कचेरीत साहेबांच्या खुर्चीवर बसले. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला वकील, आबा आणि मावशी. मी कपाटापाशी मस्टर घेऊन उभा. साहेबांनी आपली बाजू नीट मांडली. विजेचं काम जोखमीचं, उतारवयात नजर कमी होते, हात कापतो, उद्या कुणाचा जीव गेला तर जबाबदारी कुणाची? ऐकताना मलाही ते पटल्यासारखं झालं. अधिकाऱ्यांनी विचारलं, या सहा जणांची नजर तपासली होती का? डॉक्टरला दाखवलं होतं का? साहेब म्हणाले, तशी गरज वाटली नाही, वयं मस्टरात आहेत.

"ही वयं कोणी ठरवली?"

साहेबांनाही ते ठाऊक नव्हतं. मी हातातलं मस्टर टेबलावर ठेवलं.

"मी," मी म्हणालो. "फाटकाशी उभं राहून, अंदाजाने."

"दाखले पाहिले होते?"

"नाही. कुणाला विचारलंही नाही."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मग कामावर लागल्याच्या तारखांची जुनी मस्टरं मागितली. मी कपाट उघडून एकेक काढून दिलं. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, तारखा शाबूत होत्या. साहेबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

कोर्टाची पाळी आली नाही. शेठना गवगवा नको होता. दुसऱ्या बैठकीत समझोता झाला. सहापैकी चार जण कामावर परत आले, त्यात आबा होते. दोघांनी कायद्याप्रमाणे भरपाई घेतली आणि घरी राहिले. त्यातल्या एकाने मला सांगितलं की ज्या जागेने आपल्याला म्हातारा ठरवलं, तिथे पुन्हा डबा घेऊन जायला पाय उचलत नाही. चौघे आत आले तसे शेवटी लागलेले चौघे बाहेर गेले. भाऊ त्यांच्यातला पहिला.

मला कुणी काढलं नाही. माझं टेबल मात्र कचेरीतून वजनकाट्याच्या शेडमध्ये गेलं आणि पुढच्या हंगामात बोलावणं आलं नाही. माझ्याकडे दाखवायला चिठ्ठी नव्हती की भांडायला कारण. पुढे अक्कलकुव्याला सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली, पण मधलं वर्ष फार कठीण गेलं.

आबांनी माझे आभार मानले नाहीत. मानावेत असं मी काही केलंही नव्हतं. ते आणखी काही हंगाम त्या मोटारींवर होते. मग एक दिवस आपणहून काम सोडून कोरीटला शेतावर गेले.

भाऊ सुरतेला गेला आणि गिरणीत लागला. पत्रं आईच्या नावाने यायची, घरी असलो की ती वाचून मीच दाखवायचो. त्यात सगळ्यांची खुशाली विचारलेली असायची, माझी सोडून. बहिणीचं लग्न त्याच्या पैशांवर झालं. तिसऱ्या वर्षी तो आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घरी आला. पुरणपोळ्या झाल्या, मुली झोके घेत होत्या. आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. तो आपणहून बोलला. सुरतेच्या गिरणीत नवीन माग येत होते आणि वयस्कर माणसांना कामावरून कमी करायला एकेक करून बोलावत होते, असं काहीतरी तो सांगत होता. मी विचारलं, तू काय केलंस?

"काईच नही," तो म्हणाला. "मी तुन्ह्या जागावर ऱ्हातू ते तठेबी बोलतू नही, दादा."

आपण माझ्या जागी असतो तर तिथेही बोललो नसतो, हे तो रागाने म्हणाला की आणखी कशाने, ते मला तेव्हा कळलं नाही. विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने आतून हाक मारली आणि तो उठून गेला.