प्रश्न शेवटी

माझा दादा नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा वर्गावर गेला. वर्ग आमच्या स्वयंपाकघरात भरायचा. पटावर पालथी घातलेली सात पातेली आणि आठवी मी. मी सहा वर्षांची होते आणि पातेल्यांपेक्षा जास्त चुळबुळ करायचे, म्हणून मला कायम मागच्या रांगेत बसवलेलं असायचं. दादा हातात डाव घेऊन नदी कुठे उगम पावते, कशी वळते, तिच्या काठी गावं का वसतात, हे शाळेत ऐकलेलं सगळं आम्हाला ऐकवायचा. मी हात वर केला की तो म्हणायचा, "प्रश्न शेवटी."

शेवट कधी आलाच नाही. कारण शेवटाच्या जरा आधी आईला पातेली लागायची आणि सात विद्यार्थी एकदम चुलीवर जायचे.

माझा प्रश्न काय होता ते आत्ता विचारू नका. मीही त्याचीच बहीण आहे.

पुढे दादा खरोखरच प्राध्यापक झाला, विषय अर्थातच भूगोल. आणि मी त्याच्याच विभागात कारकून म्हणून लागले. वशिल्यानं नाही, परीक्षा देऊन. हे सांगायची मला सवय लागली आहे, कारण न विचारताही लोकांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न दिसतो. माझं टेबल वर्गाच्या दाराला लागून. त्यामुळे 'मानवी वस्ती' हा त्याचा पेपर मी एकतीस वर्षं ऐकला आहे, रजेचे दिवस सोडून. मुलं त्याला 'रेडिओ सर' म्हणतात. त्याला ते माहीत आहे आणि तो ते कौतुक समजतो.

खोटं कशाला बोलू, तो शिकवतो छान. पन्नास मिनिटं बोलतो आणि शेवटचं वाक्य बरोबर घंटेला संपवतो. फळ्याकडे न बघता खडूच्या एका रेषेत अख्खी नदी काढतो, उपनद्यांसकट. आवाज असा की पलीकडच्या वर्गात आकडेमोड चालू असली तरी तिथली मुलं भूगोल शिकून बाहेर पडतात. कोण कुठला मुलगा, घरी जायची घाई असलेला, तोसुद्धा तास संपल्यावर भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन बोटानं नदी शोधत उभा राहिलेला मी पाहिलाय. हे व्याख्यानानंच होतं. त्याची खोड एकच, त्याच्या बोलण्यात दुसऱ्याला शिरायला फट नसते. वहिनीनं त्यावर एक युक्ती काढली आहे. तो बोलायला लागला की ती कपड्यांच्या घड्या घालायला घेते. घड्या संपल्या की ती उठते, विषय संपतो. दोघांचा संसार सुखाचा आहे आणि त्यांची कपाटं बघण्यासारखी आहेत.

यंदा परिपत्रक आलं. निम्मे तास व्याख्यानाचे, निम्मे चर्चेचे. आमच्या विभागप्रमुख प्रत्येकाच्या एका चर्चेच्या तासाला बसून पाहणार, आणि कोण किती वेळा बोललं त्याची नोंद ठेवणार. म्हणजे नोंद मी ठेवणार. या प्रमुखबाई बावीस वर्षांपूर्वी दादाच्याच विद्यार्थिनी होत्या, त्यामुळे त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून, आधी बसायला सांगून, मगच सांगितलं. मी फाइल घेऊन तिथेच होते.

"सर, मुलं बोलली नाहीत तर मला हा पेपर नव्या मॅडमना द्यावा लागेल. वरून तसंच आलंय. मग तुमच्याकडे नकाशा-खोली राहील."

नकाशा-खोलीत दोन कपाटं, तीन पृथ्वीगोल आणि सह्या करायची एक वही आहे. ऐकायला कुणी नाही. दादाच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. तो बाहेर आला, माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून प्यायला आणि काही न बोलता निघून गेला. दादा गप्प बसला की घरात कुणीतरी आजारी आहे असं आम्ही समजतो.

दुसऱ्या दिवशी तो नव्या मॅडमच्या तासाला जाऊन बसला, चर्चा म्हणजे काय ते बघायला. परत आला तो खुशीत.

"अगं, चोवीस मुलांत तिघं बोलतात आणि एकवीस ऐकतात. हे व्याख्यानच झालं की. फक्त तिघांनी वाटून घेतलेलं."

म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण मी दारातून आणखी एक गोष्ट पाहिली होती. हजेरीपटावरची बारा नंबरची मुलगी ऑफिसात अर्ज द्यायला आली तरी कुजबुजते, मला खुर्चीतून वाकून ऐकावं लागतं. ती त्या तासाला सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलली होती, आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकली होती. हे मी दादाला सांगणार होते. त्यानं सांगू दिलं नाही, तो मला चर्चेबद्दल माहिती देत होता.

चार दिवसांनी त्यानं माझ्यापुढे अकरा पानं ठेवली. "याच्या प्रती काढ आणि कापून चिठ्ठ्या कर. प्रत्येकाला एक."

वर लिहिलं होतं, 'चर्चा'. खाली चोवीसही मुलांची वाक्यं. प्रश्न त्याचे, उत्तरं त्याची, शंका त्याच्या. नंबर तीन, उत्साहाने. नंबर सहा, किंचित साशंक होऊन. नंबर नऊच्या वाक्यानंतर कंसात, येथे थोडे हसू. नंबर अकराचा सौम्य आक्षेप आणि नंबर बाराचा त्याला आदरपूर्वक विरोध.

"दादा, ही चर्चा नाही रे. हे नाटक आहे."

"भरकटू नये म्हणून. तू प्रती काढ."

मी प्रती काढल्या. कापताना हसत होते, पण काळजीही वाटत होती. एकतीस वर्षं जो माणूस घंटेला वाक्य जुळवतो, तो दुसऱ्याची वाक्यंही जुळवून देणार, यात नवल ते काय?

तासाचा दिवस आला. खुर्च्या गोलात मांडायच्या होत्या, पण गोलाला तोंड नसतं ही गोष्ट दादाला पटेना. शेवटी घोड्याच्या नालासारख्या मांडल्या आणि उघड्या बाजूला तो उभा राहिला. प्रमुखबाई दाराशी बसल्या. मी मागे, मांडीवर नोंदीचा तक्ता, चोवीस नंबर, पुढे चौकोन.

सुरुवात झकास झाली. एक नंबर बोलला, मी खूण केली. दोन बोलला, खूण. तीन उत्साहाने बोलला. सहा नंबर उठला आणि म्हणाला, "किंचित साशंक होऊन, पण सर, फक्त पाण्यासाठीच वस्ती होते का?" प्रमुखबाईंनी रुमाल तोंडाला लावला. नऊनंतर थोडे हसू अपेक्षित होतं, तिथे पुष्कळ आलं. दादा मात्र रंगात आला होता, प्रत्येकाला मान डोलावून दाद देत होता. स्वतःचीच वाक्यं पहिल्यांदा ऐकायला मिळत होती, आनंद होणारच.

दहा झाला. आणि अकराची खुर्ची रिकामी होती. त्यानं आदल्या दिवशी अक्कलदाढ काढून घेतली होती आणि गाल धरून घरी झोपला होता. तसा अर्ज माझ्याच टेबलावर पडला होता, पण चिठ्ठ्यांच्या गडबडीत मी तो पाहिलाच नव्हता. ही चूक माझी.

थोडा वेळ सगळे रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिले. मग बारा नंबर उठली. तिनं पाठ केलेलं चोख म्हटलं, अगदी हळू. "अकरा नंबरच्या म्हणण्याला माझा आदरपूर्वक विरोध आहे."

प्रमुखबाईंनी पेन खाली ठेवलं. "काय म्हणणं होतं अकरा नंबरचं?"

मुलीनं चिठ्ठी उलटून पाहिली. मागे कोरी. तिचे कान लाल झाले, दादाचेही. आणि मग मी पाहिलं, दादानं छाती भरून श्वास घेतला. तो श्वास मी लहानपणापासून ओळखते. तो बाहेर पडला की पन्नास मिनिटांची निश्चिंती. आता तो सगळं सावरून घेणार, उत्तम बोलणार, आणि माझ्या तक्त्यावरचे तेरा चौकोन कोरे राहणार. त्यानंतर नकाशा-खोली.

माझा हात वर गेला. मी केला नाही, तो गेला.

"प्रश्न शेवटी," दादा म्हणाला. हात कुणाचा हेही न बघता.

"शेवटच आलाय, सर," मी म्हणाले.

वर्ग हसला. दादानं वळून पाहिलं, हात माझा आहे हे त्याला दिसलं. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय सरकलं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण पातेली नक्की सरकली. तो जवळच्या रिकाम्या खुर्चीवर, अकरा नंबरच्या, बसला.

"विचार," तो म्हणाला. कॉलेजात एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला सगळ्यांसमोर अगंतुगं केलं.

मी उभी राहिले. "तुम्ही सांगता, माणसं नदीकाठी वसली. पिण्याला पाणी, शेतीला पाणी, नावा. कबूल. पण पाणी घरात येतं. आपल्या घरात दर दोन-तीन वर्षांनी यायचं. सामान माळ्यावर, आपण आठवडाभर आत्याकडे, मग परत येऊन चिखल उपसायचा. माणसं वसली ते कळलं. ती उठून का जात नाहीत? बाबांनी ते घर का नाही सोडलं?"

हाच तो प्रश्न. पातेल्यांच्या वर्गातला.

दादा म्हणाला, "मला माहीत नाही." हळूच म्हणाला, पण त्याचं हळूसुद्धा पलीकडच्या वर्गापर्यंत जातं. तिकडचा आवाजही थांबला.

आणि त्यानंतर तो काही बोलला नाही. भिंतीवरच्या घड्याळात मी पाहत होते. दीड मिनिट. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत लांब.

बारा नंबर अजून उभीच होती, तिला बस म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, "आमचे आजोबा पण हलत नाहीत." आणि वाट पाहिली, कुणी अडवतं का. कुणी अडवलं नाही. "ते म्हणतात, नव्या जागी मला कोण ओळखतं? इथे मी चुकलो तर कुणीही घरी आणून सोडतं."

"पण ते त्यांचं झालं," चार नंबर म्हणाला. "आमच्या गल्लीत सगळ्यांनाच जायचंय. आधी कुणी उठायचं, एवढंच ठरत नाही."

"तसं नाही," सहा नंबर म्हणाला, आणि या वेळी तो खरोखर साशंक होता. "पूर वर्षातून चार दिवस येतो. नदी रोज असते. रोज सकाळी दार उघडलं की समोर."

मग काही विचारू नका. एकवीस नंबर सहाला म्हणाली की चार दिवस तुला चिखल काढावा लागला असता म्हणजे कळलं असतं. सतरा आणि अठरा एकदम बोलले. चिठ्ठ्या खुर्च्यांखाली गेल्या. माझ्या खुणा आधी चौकोनात होत्या, मग समासात गेल्या, मग मी नाद सोडला. दादा खुर्चीच्या कडेला येऊन ऐकत होता आणि मधूनच दोनच शब्द बोलत होता, "म्हणजे?" आणि "पुढे?" घंटा झाली तेव्हा एका मुलीचं वाक्य अर्ध्यावर होतं. तिनं ते निवांत पुरं केलं, तोवर कुणी उठलं नाही.

सगळे गेल्यावर प्रमुखबाईंनी माझा तक्ता पाहिला, समास पाहिला आणि घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

"सर, तुमच्याकडे शिकत होते तेव्हा माझाही एक प्रश्न होता."

"मग विचारला का नाहीस?"

"शेवटाची वाट बघत होते," त्या म्हणाल्या. दादानं मान खाली घातली. मग त्या हसल्या. "पेपर तुमच्याकडेच राहू दे. व्याख्यानं पहिल्यासारखीच द्या, ती कमी करू नका. चिठ्ठ्या मात्र नकोत."

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "अगं, यांना बरं नाही का? मला म्हणाले, तुझा दिवस कसा गेला. मी घड्या घालायला घेतल्या तर म्हणाले, राहू दे, आधी सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा दोन कप चहा घेऊन माझ्या टेबलाशी आला. अर्जदारांचं स्टूल ओढून त्यावर बसला. एक कप माझ्यापुढे सरकवला.

"धाकटे, तुला काय वाटतं? बाबांनी घर का नाही सोडलं?"

आणि गप्प बसला. खरोखर गप्प, हात मांडीवर.

माझे डोळे भरून आले, लपवू कशाला. माझं लग्न कुठे व्हावं, मी काय शिकावं, यावर मला सगळ्यांनी सांगितलं. तुला काय वाटतं, असं मला घरात कुणी विचारलं नव्हतं. मी चष्मा पुसला आणि सुरू झाले. मी म्हणाले, आठवतं, बाबा पाणी ओसरलं की दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारायचे, पाणी कुठवर आलं त्याची. आणि त्याच चौकटीवर आपल्या वाढदिवसाला आपली उंची. मी दहा वर्षांची झाले तेव्हा माझी रेघ पाण्याच्या सगळ्यांत वरच्या रेघेच्या वर गेली. बाबा मला उचलून घेऊन गल्लीभर सांगत फिरले. मला वाटतं, ती चौकट...

दादा खाकरला. स्टुलावर पुढे सरकला. छाती भरली. "हे बघ, भूगोलाच्या दृष्टीनं त्यात एक..."

मी हात वर केला.

"प्रश्न शेवटी," मी म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.