आत्याचा बद्द रुपया

गेल्या दिवाळीत मला चांदी वाजवायचं वेड लागलं. धनत्रयोदशीला बाजारातून लक्ष्मीचं एक नाणं आणलं आणि ते खरं की खोटं या शंकेपायी फोनवर एक ॲप उतरवून घेतलं. नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं, दुसऱ्या नाण्याच्या कडेने हलकेच ठोकायचं आणि फोन जवळ धरायचा. चांदी असेल तर तो नाद ऐकून पडद्यावर हिरवी खूण येते, नसेल तर लाल फुली. माझ्या नाण्याला हिरवी खूण आली. पण खरं सांगते, खुणेपेक्षा मला त्या आवाजानेच खुळावलं. बारीक, लांबलचक, आणि संपला असं वाटलं तरी कानात कुठेतरी चालूच. नवरा म्हणाला, आता बास. मी म्हटलं, अजून एकदाच, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

मग मी सुटलेच. घरातली चांदीची वाटी वाजवली, लेकीची लहानपणची वाळी वाजवली, स्टीलचे चमचे उगाचच वाजवले. रोडपालीतल्या आमच्या सोसायटीत बातमी पसरली तशा बायका डब्यांतून नाणी घेऊन येऊ लागल्या. मी सोफ्यावर बसून एखाद्या वैद्यासारखी सगळ्यांना शांत राहायला सांगायची. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं नाणं त्यांच्या मिस्टरांना ऑफिसातून बक्षीस मिळालेलं. त्याला लाल फुली आली. मी ती तोंडावर सांगितली, वर हसले. त्या बाई अजून लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता मजल्यांचे आकडे वाचतात. माझा स्वभावच तसा, एकदा बरोबर ठरले की मला थांबता येत नाही.

पाडव्याला बेलपाड्यात बाबांकडे गेले ती फोन चार्ज करूनच. आमची भातशेती आणि मिठागर दोन्ही आता शहराखाली गेली. घर होतं तिथे सात मजली इमारत आहे आणि बाबा दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या देव्हाऱ्यात एक जुना राणीछाप रुपया आहे. माझ्या आजीने म्हातारपणी अशी चार नाणी आपल्या चार मुलांना एकेक वाटली होती. तिघे भाऊ आणि धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या. भावांत आता बाबाच उरलेत.

मी तो रुपया हळदकुंकवातून उचलून पुसला, बोटावर ठेवला आणि ठोकला. काय वाजला! बाबांना ऐकू कमी येतं, कानाचं यंत्र टेबलावर पडलेलं, तरी त्यांनी पेपरमधून मान वर केली. "आमचे बाबा पायरीच्या दगडावर आपटून बघायचे," ते म्हणाले. "पावलीसुद्धा सोडायचे नाही." मी आणखी दहा वेळा वाजवला. दहाही वेळा हिरवी खूण आली आणि आम्ही दोघे लहान पोरांसारखे हसत बसलो.

"आत्याचाही वाजवू उद्या," मी म्हणाले. बाबांचं हसू गेलं. त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला आणि तो नको, एवढंच बोलले. खरं तर इथेच मी गप्प बसायला हवं होतं.

भाऊबीजेला आत्या द्रोणागिरीहून सकाळीच आली. पंचाहत्तरी ओलांडलेली, अजून नऊवारी, कमरेला कापडी बटवा. रुपया त्या बटव्यात असतो हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण तो बाहेर आलेला मी कधी पाहिला नव्हता. चहा होईपर्यंत मी तिच्या मागे लागले.

"आत्या, दे ना. एकदाच वाजवते."

"नाय गो. र्‍हाऊं दे."

"चांदीचा आहे की नाही ते कळेल."

"मना ठाव हाय काय हाय तो."

मी तरी हटेना. शेवटी तिने बटवा सोडला, रुपया माझ्या हातावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी बोटावर तोलला, ठोकला. बद्द. लाकडावर ठोकावं तसा. मी बोट बदललं, पुन्हा ठोकला, पंखा बंद केला, पुन्हा ठोकला. लाल फुली, लाल फुली, लाल फुली.

"जालं समाधान?" आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच मला जास्त लाज वाटली.

मग तिनेच सांगितलं. आजीने वाटणी केली त्या दिवशी थोरल्या काकांनी चारही रुपये पायरीवर आपटून पाहिले होते. तीन खणखणले, हिचा बद्द. आजी चुलीकडे तोंड करून बसली होती, ती काहीच बोलली नाही. पुढे जन्मभर भाऊ आत्याला खोटा रुपया म्हणून चिडवत राहिले, तिच्या नवऱ्यासमोर, सुनांसमोरसुद्धा. आत्याही त्यांच्याबरोबर हसायची. "आयला चार पोरं. तीन खरं व्हतं, येक खोटा व्हता. तो कुनाला तरी द्यायचाच व्हता," ती म्हणाली. "पोरीला दिलान."

"मग तू तो जपलास कशाला एवढा?"

"आयनं दिलाय. खोटा तर खोटा."

बाबा आतल्या खोलीत गेले. चिडवणाऱ्यांत तेही होते.

मला भयंकर राग आला. आजीचा, काकांचा, फोनचा, आणि सगळ्यात जास्त माझा. राग आला की मला काहीतरी करावंच लागतं. मी आत्याच्या कानातल्या कुडीचं मळसूत्र ढिलं झालंय असं निमित्त काढलं, तिला रिक्षात घातलं आणि पनवेलच्या बाजारात आमच्या जुन्या सोनाराकडे नेलं. भाऊबीज असूनही दुकान उघडं होतं. कुडी नीट झाल्यावर मी आत्याच्या बटव्याकडे नुसतं बघितलं. तिने मोठा सुस्कारा टाकला आणि रुपया काउंटरवर ठेवला. हात मात्र नाण्याशेजारीच राहू दिला.

सोनाराने तो वाजवलाच नाही. काट्यावर ठेवला, कसोटीच्या दगडावर कड घासली, थेंबभर ॲसिड टाकलं, मग डोळ्याला भिंग लावून नाणं हळूहळू फिरवलं.

"चांदी आहे. चोख."

"वाजत नाही पण," मी म्हणाले.

"कसा वाजेल? याला कडी होती. हे बघा, वर डाग दिलेला आहे, म्हणजे कडी तापवून जोडलेली. नंतर कडी तोडून कानस मारलीय, वरून घासूनपुसून घेतलंय. एकदा डाग दिला की नाणं बद्द होतं, कडी काढली तरी परत वाजत नाही." त्याने भिंग आत्यापुढे धरलं. "गळ्यातला आहे हा, आजी. कुणीतरी पुष्कळ वर्षं घातलेला. मागची बाजू बघा कशी गुळगुळीत झालीय."

भिंग न घेता आत्याने अंगठा नाण्याच्या मागच्या बाजूवरून फिरवला. परत येताना रिक्षात मी तीन वेळा काहीतरी बोलायला गेले आणि तिन्ही वेळा तिने माझ्या गुडघ्यावर हात दाबून मला गप्प केलं.

घरी येऊन मी बाबांच्या कानात यंत्र बसवलं आणि विचारलं, आजीच्या गळ्यात काय असायचं?

"काळा दोरा," बाबा म्हणाले. "त्यात एक रुपया. मिठागरात वाकली की तोंडापुढे लोंबायचा, मग ती दातांत धरायची. शेवटी शेवटी नव्हता. आम्हाला वाटलं मोडला असेल."

आत्या दाराला टेकून उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. मला वाटतं तेव्हाच आम्हा तिघांनाही कळलं की आजीने कडी का तोडली. चारही नाणी सारखी दिसली नसती, तर स्वतःच्या गळ्यातला रुपया पोरीला दिला म्हणून तीन भाऊ भांडले असते. तिने सगळं सारखं करून घेतलं, फक्त आवाज तिला सारखा करता आला नाही. आणि पायरीवर तो बद्द वाजला तेव्हा बोलली असती तर तिचा डाव उघडा पडला असता.

संध्याकाळी आत्याने बाबांना ओवाळलं. बाबांनी पाकीट टाकलं, मग खिशातून देव्हाऱ्यातला तो खणखणीत रुपया काढून ताटात ठेवला. "हा घे, बाय. तुझा मला दे. चुकलं आमचं."

"नाय देत," आत्या म्हणाली आणि जी हसायला लागली ती थांबेचना. निरांजन हलायला लागलं म्हणून मी ताट तिच्या हातातून काढून घेतलं. बाबांचा रुपया तिने त्यांच्याच मुठीत परत कोंबला, पाटावर बसकण मारली, बटवा उघडला आणि मला म्हणाली, "फोन आन तुजा."

"कशाला? लाल फुलीच येणार."

"येऊं दे. वाजव."

मी वाजवला. बद्द. लाल फुली. आत्याने टाळी वाजवली. पुन्हा वाजव म्हणाली. शेजारच्या काकू डोकावल्या, त्यांना आत बोलावलं, त्यांच्या सुनेला बोलावलं, आणि सगळ्यांपुढे मला तो रुपया बोटावर धरून पुन्हा पुन्हा ठोकायला लावला. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"आयकलंस?" दर वेळी ती नव्या माणसाला विचारायची. "बद्द वाजतोय. आयच्या गल्यातला हाय."