टेलरकाकांनी बापाबद्दल लिहिलेलं पान

काच कारखान्याच्या मागच्या गल्लीत टेलरकाकांचं दुकान आहे. दोन गिऱ्हाईकं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहावं, एवढंच. गल्लीचा इतिहास लिहायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते इथं, मापं घेता घेता. माप देणारा हात पसरून उभा असतो, दुसरं काही काम नसतं, म्हणून बोलत सुटतो. काकांच्या तोंडात टाचण्या, त्यामुळे मध्ये तोंड घालायची सोय नाही. भट्टीवर कोण भाजलं, कुणी पळून जाऊन लग्न केलं, मोठ्या संपात कुणाची चूल पेटत नव्हती, सगळी गल्ली त्यांच्यापाशी मन मोकळं करून गेली. अडलं तिथं काका घरोघर हिंडले.

पुस्तक आलं आणि गल्ली खूश झाली. एकट्या ताईनं बोलणं टाकलं. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा काकांना तिनंच वाढवलं. संप मोडून सगळ्यांच्या आधी कामावर गेला तो आपला बाप, असं काकांनी सरळ लिहिलं होतं. दुसऱ्यांच्या बापांची उणीदुणी काढायची आणि आपलं तेवढं झाकायचं, हे त्यांना पटेना. "जुनी गोष्ट आहे, सोडा हो," असं म्हणून लोकांनी विषय संपवला. ताई मात्र रस्त्यात समोर आली तरी मान फिरवायची.

आज कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पुस्तकाबद्दल काकांना मानपत्र द्यायचा कार्यक्रम रंगात आला होता, पाहुणे काकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते, पण काकांचा सगळा जीव दाराकडे लागला होता. ताई आली नाही तर हे मानपत्र घेऊन करायचं काय, असं त्यांना खरोखरच वाटत होतं.

ती आली. शेवटच्या बाकावर बसली, टाळ्याही वाजवल्या. काका कसेबसे दोन शब्द बोलले आणि गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेले.

"बाबांचं लिहिलं म्हणून रागावलीस ना?"

"लिहिलंस ते खरंच आहे. पण ते का गेले, ते कुठंय?"

"कुणाला माहीतच नव्हतं गं. घरोघर विचारलं मी."

"माझ्या घरी आलास?"

काकांनी हातातलं मानपत्र बाकावर ठेवलं.

"बाबा जायला तयार नव्हते. मी पाठवलं त्यांना." ताईचा आवाज जराही चढला नव्हता. "तू एवढासा होतास. भुकेनं रडून रडून घसा बसला होता तुझा. मला बघवेना. हातापाया पडले त्यांच्या. मग जन्मभर लोकांची बोलणी खाल्ली त्यांनी, पण माझं नाव घेतलं नाही."

हात मिळवायला आलेले लोक मागे खोळंबले होते. काका तिच्या शेजारी बसले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"तुला विचारायचं सुचलंच नाही, ताई."

"तू वही घेऊन गल्लीत हिंडायचास ना," ती म्हणाली, "तेव्हा रोज वाटायचं, आज माझ्याकडे येईल."