वैशालीचा दोरीच्या गाठींचा ग्रुप

आज सकाळी वैशालीचा ग्रुप मी बंद केला.

तिला जाऊन आज वर्ष झालं. हाच दिवस मिळाला का, असं म्हणू नका. कालचा दिवसच तसा होता.

वैशाली माझी कॉलेजची मैत्रीण. चंद्रपुरात कॉम्प्युटर क्लास घ्यायची. आणि दोरीच्या गाठींचं वेड. बाबा ट्रकवर ताडपत्री बांधायचे, त्यांचं पाहून लहानपणीच लागलेलं.

"माह्यासारखे येडे अजून असतीन न कुठीतरी," म्हणाली, आणि ऑनलाइन ग्रुप काढला. नाव 'गाठी'. मलाही अ‍ॅडमिन केलं. मला बुटाची लेस धड बांधता येत नाही!

पहिल्याच आठवड्यात काय आलं?

बायोडेटा. "मुलगा निर्व्यसनी, स्वतःचं घर, अपेक्षा साधी मुलगी."

लोकांना वाटलं, लग्नगाठी.

आम्ही पोट धरून हसलो. मग ते रोजच यायला लागले. हसू गेलं.

नाव बदललं, 'दोरीच्या गाठी'. तरी गुड मॉर्निंग, लोन अ‍ॅप, आणि तिच्या व्हिडिओखाली "नंबर द्या न मॅडम".

मी वैतागायचो. "बंद कर न वं."

"काऊन? भामरागडकडचा एक दादा नदीकाठी नाव दोरीनं कशी बांधते ते टाकून राह्यला. नेटवर्कसाठी गावाबाहेर येते तो. त्याचं काय?"

एका माणसासाठी बाकी सगळी घाण ती रोज उपसायची.

मग डेंग्यू. नागपूरला हलवायच्या आधीच सगळं संपलं.

ग्रुपवर एक दिवस हात जोडलेले इमोजी. दुसऱ्या दिवशी लोन अ‍ॅप.

वर्षभर मी नुसतं डिलीट करत बसलो. नवीन गाठ शिकवणार कोण? हळूहळू तो दादाही यायचा थांबला.

काल तिच्या शेवटच्या व्हिडिओखाली एकानं लिहिलं, "मॅडम, रिप्लाय काऊन नाई देत? भाव खाता काय?"

फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

सकाळी तिच्या आईकडे गेलो. म्हटलं, काकू, ग्रुप बंद करतो.

त्या घाबरल्याच. "मंग तिचे व्हिडिओ जातीन का रे?"

"नाई काकू. व्हिडिओ राहतीन. फक्त आता कोणालेच तिथी काही लिहिता येनार नाई."

त्यांनी माझा फोन घेतला, व्हिडिओखालचं वाचलं.

"हे आधीच कराले पाहिजे होतं."

त्यांच्यासमोरच बटन दाबलं.

वैशाली, फार आठवण येते गं. जय भीम.